नाव बादशहाचं, खूण अंकुशाची, बट्टा रयतेचा

एखादा मुलगा व्हायवाला न अडखळता उत्तरं देऊन आला की आपण म्हणतो, "नाणं खणखणीत आहे!" एखाद्यानं घराण्याचं नाव घालवलं की "नावाला बट्टा लावला" असं घरचे म्हणतात. पैसे मागायला लागलो की वडील विचारतात, "माझ्याकडे काय टांकसाळ आहे का?" खोटा पैसा, कसाला उतरणे, पारख असणे... हे सगळे शब्द आपण दिवसातून कितीदा तरी वापरतो. पण बट्टा म्हणजे नेमकं काय, तो कोण लावायचा आणि त्यातून कोणाचा खिसा कापला जायचा, हे विचारलं तर मेकॅनिकलपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळे गप्प! मलाही हे शब्द आधी माहीत होते आणि त्यामागची नाणी बऱ्याच नंतर हातात आली. हा लेख त्या नाण्यांबद्दल आहे. इतिहासाचा लेख म्हणून पान उलटू नका, कारण यात धातुशास्त्र आहे, आर्किमिडीज आहे आणि थोडा हिशेबही आहे.

आधी एक उदाहरण. समजा आपल्या होस्टेलला एकच मेस नसून दहा मेस आहेत आणि प्रत्येक मेसवाल्यानं स्वतःची कुपनं छापली आहेत. सगळ्या कुपनांवर शिक्का मात्र रेक्टर सरांचाच आहे, कारण त्याशिवाय कोणी कुपन घेत नाही. फक्त कोपऱ्यात प्रत्येकानं आपापली छोटी खूण केली आहे. एका मेसचं कुपन दुसरीकडे चालतं, पण पूर्ण किमतीला नाही. कोणी म्हणतो, "या मेसला भाजी पातळ असते, दोन रुपये कमी धरीन." मग कुपनं बदलून देणारा एक हुशार मुलगा कॉरिडॉरमध्ये टेबल टाकून बसतो आणि प्रत्येक व्यवहारात थोडं थोडं काढून घेतो. शेवटी तोटा कोणाचा? ज्याला रोज जेवायचंच आहे त्याचा! अठराव्या शतकात महाराष्ट्रातला चांदीचा रुपया साधारण असाच चालत होता.

बारामती-इंदापुरात रुपया आला कुठून?

आपण ज्या भागात शिकतो तो भाग जुन्या कागदपत्रांत पुष्कळदा भेटतो. पुणे, सुपे, इंदापूर, चाकण ही भोसल्यांच्या जहागिरीतली नावं शाळेतच पाठ झालेली असतात. यातलं सुपे म्हणजे आपल्या बारामती तालुक्यातलंच. पुढे पेशवाईत बारामती गाजली ती नाईकांमुळे. बाबूजी नाईक बारामतीकर हे पेशव्यांचे नातलग आणि मोठे सावकार. कऱ्हेच्या काठावरचा त्यांचा वाडा आपल्याला ठाऊक आहे. कवी मोरोपंत बारामतीत राहिले तेही याच नाईकांच्या आश्रयानं. म्हणजे काव्य आणि कर्ज या दोन्ही गोष्टींची पेठ एकाच गावात होती असं म्हणायला हरकत नाही. इंदापूर परगण्याचे अठराव्या शतकातले हिशेब तर इतके तपशीलवार उरले आहेत, की मिचिहिरो ओगावा या जपानी अभ्यासकानं पुण्याच्या दफ्तरात बसून त्यांच्यावर संशोधन केलं. जपानहून माणूस येतो आणि इंदापूरचे मोडी कागद वाचतो, आणि आपण एस. टी. मधून इंदापूर बघत घरी जातो!

आता नाण्यांकडे. १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा शिवाजी महाराजांनी दोन नाणी पाडली, सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', तेही देवनागरीत. चारही बाजूंना फारसी नाण्यांचा सुळसुळाट असताना ही केवढी मोठी गोष्ट होती! शिवराई पुढे इतकी रुळली की इंग्रजी अमलातही ती लोकांच्या हातात फिरत होती. चांदीचा रुपया मात्र मुघली व्यवस्थेतून आलेला. पुढे मराठ्यांचा अंमल उत्तरेत पसरला, चौथाई-सरदेशमुखीचा पैसा येऊ लागला, फौजांचे पगार वाढले, आणि मोठ्या व्यवहारासाठी चांदीचा रुपया लागू लागला. मग टांकसाळी निघाल्या. एक नाही, दोन नाही, ठिकठिकाणी निघाल्या.

पुण्याचा अंकुशी रुपया, होळकरांच्या चांदवडचा चांदोरी रुपया, कोल्हापूरकडचा पन्हाळ्याचा शंभू पीरखानी, बडोद्याच्या गायकवाडांचा बाबाशाही, नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातल्या कटकचा त्रिशूळवाला रुपया, होळकरांचाच मल्हारनगरचा सूर्यछाप. ही फक्त ठळक नावं. काही टांकसाळी सरकारी होत्या, काही सरदारांच्या, आणि काही तर चक्क सोनार-सावकारांना ठरावीक मुदतीच्या परवान्यानं चालवायला दिलेल्या! परवान्याची फी भरायची, नाण्याचं वजन आणि कस ठरवून दिल्याप्रमाणे ठेवायचा, नाही ठेवला तर दंड. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पेशवे दफ्तरातल्या नोंदी चाळून यावर एक सुंदर निबंध लिहून ठेवला आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर नोटा छापायचं काम टेंडर काढून देण्यासारखं हे होतं.

एक अंकुशी रुपया वाचू या

माझ्या एका मित्राला जुनी नाणी जमवायचा नाद आहे. त्याच्याकडचा एक अंकुशी रुपया मी आठवडाभरासाठी मागून आणला. व्हर्निअरनं मोजला तर व्यास सुमारे २१ मिलिमीटर आणि जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास. आजच्या नाण्यांच्या मानानं तो छोटासा पण गुबगुबीत दिसतो. धड गोलही नाही. अक्षरं कडेला येऊन अर्धवट तुटतात.

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की नाणं झिजलंय. प्रत्यक्षात ठसा मुळातच नाण्यापेक्षा मोठा असायचा. म्हणजे ए-फोर पानाचा मजकूर पोस्टकार्डावर छापल्यासारखं. त्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा वेगळा तुकडा येतो. पूर्ण मजकूर वाचायचा असेल तर एकाच ठशाची पाच-सहा नाणी शेजारी ठेवून कोडं जुळवावं लागतं. नाणी वाचणारे लोक हेच करतात.

मजकूर फारसीत. एका बाजूला दिल्लीच्या बादशहाचं नाव. दुसऱ्या बाजूला त्याच्या राज्यारोहणाचं वर्ष आणि 'जर्ब' म्हणजे कुठे पाडलं ते ठिकाण. अंकुशीवर ठिकाण पुणेच असतं, पण त्याला जोडून 'मुहियाबाद' असंही येतं. औरंगजेबानं पुण्याला दिलेलं हे नाव. औरंगजेब १७०७ साली गेला, पुणे पेशव्यांची राजधानी झालं, शनिवारवाडा उभा राहिला, तरी नाण्यावर मुहियाबाद कायम! मराठी माणसाची खूण एकच, मजकुरात मध्येच घुसवलेला छोटासा अंकुश, हत्ती हाकायचा.

चांदवडच्या रुपयावरही तसंच, 'जाफराबाद उर्फ चांदोर'. अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलाचं पान आहे, पण नाव मात्र शाहआलम बादशहाचं. बडोद्याला तर आणखी गंमत. बादशहाच्या फारसी नावाच्या गर्दीत गायकवाडांनी आपल्या नावाचं आद्याक्षर देवनागरीत बसवलंय. आनंदरावांचं 'आ' घ्या. परीक्षेत दुसऱ्याच्या जर्नलवर आपला रोल नंबर टाकावा तसं!

ज्याला सांभाळलं त्याचंच नाव का?

इथे कोणालाही प्रश्न पडेल. शाहआलम दुसरा हा काही दरारा असलेला बादशहा नव्हता. १७८४ साली महादजी शिंद्यांनी दिल्लीचा कारभारच हातात घेतला. १७८८ साली गुलाम कादिरनं या बादशहाचे डोळे काढले, तेव्हा त्याला परत गादीवर बसवलं तेही महादजींनी. म्हणजे मराठे ज्याला सांभाळत होते त्याचंच नाव मराठ्यांच्या रुपयावर! असं का?

एक कारण राजकीय. चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा बादशहाच्या नावानं मिळालेल्या होत्या, आणि कागदावरचा तो धनी कायम ठेवणं सोयीचं होतं. दुसरं कारण मला जास्त पटतं आणि तुम्हालाही पटेल, कारण ते इंजिनिअरिंगचं आहे. नवीन सॉफ्टवेअर काढलं तरी जुनी फाईल उघडली पाहिजे, नाहीतर ते कोणी घेत नाही. रुपयाचंही तेच. सुरतेपासून हैदराबादपर्यंत व्यापाऱ्याच्या डोळ्याला शंभर वर्षं एकच चेहरा ओळखीचा होता. एका बाजूला फारसी ओळी, दुसऱ्या बाजूला फारसी ओळी. त्या वाचता येणारे थोडेच, पण 'रुपया असा दिसतो' हे सगळ्यांना माहीत. चेहरा बदलला असता तर पहिल्याच बाजारात लोकांनी नाणं परत केलं असतं. म्हणून चेहरा जुना ठेवला आणि ओळख पटण्यापुरती खूण नवी टाकली. अंकुश, त्रिशूळ, सूर्य, बेलपान ही सगळी चित्रं निरक्षर माणसालाही कळणारी. शेतकऱ्याला शाहआलम माहीत नसेल, पण अंकुश दिसतो का नाही, हे तो नक्की बघत असणार.

असं फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. चौदाव्या शतकाच्या शेवटी रशियात बघा. तिथे लहानमोठे राजपुत्र आपापल्या शहरात चांदीची चिमुकली नाणी पाडायचे. मॉस्को, त्वेर, सेर्पुखोव, मोझाइस्क, गालिच अशी कितीतरी शहरं. त्या नाण्याला म्हणायचे देंगा, वजन एक ग्रॅमच्याही आत. आधी चांदीची तार ओढायची, तिचे सारखे तुकडे करायचे, ठोकून चपटे करायचे आणि ठसा मारायचा. म्हणून ही नाणी माशाच्या खवल्यासारखी लांबट दिसतात आणि ठसा त्यांच्यावरही अर्धाच उमटतो. मॉस्कोच्या दिमित्री दोन्स्कोयनं १३८० साली कुलिकोवोच्या लढाईत तातारांचा पराभव केला, पण दोनच वर्षांनी तोख्तामिश खानानं मॉस्को जाळलं. मग दिमित्रीच्या नाण्यावर एका बाजूला रशियनमध्ये त्याचं स्वतःचं नाव, आणि दुसऱ्या बाजूला अरबी लिपीत तोख्तामिशचं! र्याझानच्या राजांनी तर तातारांचीच नाणी घेतली आणि त्यांवर आपली खूण ठोकून चालवली. पुढे ठसे कोरणाऱ्यांना अरबी येईना, तेव्हा अक्षरांसारख्या दिसणाऱ्या नुसत्या रेघोट्या उरल्या. चेहरा ओळखीचा असला म्हणजे झालं, वाचतंय कोण!

मॉस्को आणि पुणे यांच्यात चारशे वर्षांचं आणि हजारो किलोमीटरचं अंतर. तरी अडचण सारखी होती म्हणून तोडगाही सारखाच निघाला.

टांकसाळीत काय चालायचं?

टांकसाळ हा शब्द टंकशाला या संस्कृत शब्दावरून आला. तिथलं काम आपल्या वर्कशॉपमधल्या फाऊंड्री आणि फोर्जिंगच्या मधलं. कोणी सावकार चांदी घेऊन येणार. जुनी नाणी, मोडीतले दागिने, लगडी, काहीही. ती मुशीत वितळवायची. शुद्ध करायची असेल तर शिशाबरोबर तापवायची. शिशाचा ऑक्साईड होताना तो तांब्यासारखे हलके धातू बरोबर घेऊन जातो, हाडांच्या राखेची वाटी ते सगळं शोषून घेते, आणि शेवटी चांदीचा चकचकीत थेंब उरतो. मग ठरलेल्या प्रमाणात तांबं मिसळायचं, कारण शुद्ध चांदी मऊ असते आणि लवकर झिजते. कांब ओतायची, तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा काट्यावर तोलायचा, जास्त असेल तर कातरायचा. पुन्हा तापवून ठोकून गोल करायचा. खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला, वरचा हातात. मध्ये तुकडा ठेवला आणि हातोड्याचा एक घाव मारला की रुपया तयार!

आता मोहाची जागा बघा. समजा ठरलेला कस ९५ टक्के आहे आणि टांकसाळवाल्यानं गुपचूप ९० टक्के केला. ११.२ ग्रॅमच्या एक लाख रुपयांचं वजन होतं १,१२० किलो. त्याचे पाच टक्के म्हणजे ५६ किलो चांदी त्याच्या घरात! डोळ्यानं फरक दिसत नाही, वजनात फरक नाही, बाजारात नाणं पहिले काही महिने चालूनही जातं. परवाना तीन-चार वर्षांचाच असेल तर पुढची काळजी कोण करतो? म्हणून दंड होता, तपासणी होती, आणि तरीही हलक्या नाण्यांची तक्रार कायमची होती.

पारख: जुनी आणि नवी

मग बाजारानं स्वतःची तपासणी उभी केली. गावगाड्यात पोतदार असायचा. आपल्या वर्गात पोतदार आडनावाचा कोणी असेल तर त्याला सांगा, तुझे पूर्वज क्वालिटी कंट्रोलमध्ये होते. वसुलीत आलेलं प्रत्येक नाणं बघून 'चालेल' किंवा 'चालणार नाही' हे तो सांगायचा. पेठेत सराफ. त्यांच्या पद्धती साध्या होत्या. दगडावर नाणं आपटून आवाज ऐकायचा. चांगल्या चांदीचा नाद लांबतो, आत शिसं किंवा तांब्याचा गाभा असेल तर आवाज बद्द येतो. आपलं 'खणखणीत नाणं' ते हेच. दुसरी पद्धत म्हणजे नाण्याला छोटा छेद देऊन किंवा ठोका मारून आतला रंग बघायचा. जुन्या रुपयांवर चांदण्या, टिंबं, चौकोन अशा बारीक खुणा दिसतात, त्या सराफांच्या. 'मी तपासलं' अशी प्रत्येकाची सही. काही रुपयांवर इतक्या सह्या आहेत की बादशहाचं नावच बुजून गेलंय.

आपल्याला अर्थातच नाण्याला छेद द्यायचा नव्हता. म्हणून मी आर्किमिडीजला बोलावलं. केमिस्ट्री लॅबच्या काट्यावर मित्राचा रुपया हवेत तोलला, ११.१४ ग्रॅम. दोऱ्यानं बांधून पाण्यात बुडवून तोलला, १०.०६ ग्रॅम. फरक १.०८, म्हणजे आकारमान १.०८ घन सेंटिमीटर आणि घनता १०.३१. शुद्ध चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६. मिश्रणात फक्त हे दोनच धातू धरले तर चांदी निघते सुमारे ९० टक्के.

छान! पण इथेच थांबलात तर सर व्हायवाला पकडतील. पाण्यातलं वजन मोजताना फक्त ०.०१ ग्रॅमची चूक झाली, म्हणजे फरक १.०८ ऐवजी १.०७ किंवा १.०९ आला, तर उत्तर काय येतं? एकीकडे जवळजवळ ९६ टक्के, दुसरीकडे ८४ ते ८५ टक्के! म्हणजे नाण्याला चिकटलेला हवेचा एक बुडबुडा उत्तम रुपयाला हलका ठरवू शकतो. उत्तर अर्ध्या टक्क्यापर्यंत हवं असेल तर काटा मिलिग्रॅमपर्यंत अचूक पाहिजे. सराफ आवाज, रंग आणि छेद या तिन्हींवर मिळून का विसंबायचा ते यावरून कळतं. एकाच मोजमापावर विश्वास ठेवायचा नाही, हे तो कुठल्याही लॅब मॅन्युअलशिवाय शिकला होता.

आजच्या दुकानातलं एक्स-रे मशीन दोन मिनिटांत टक्केवारी सांगतं हे खरं, पण ते फक्त वरचा पातळ थर वाचतं. जुन्या नाण्याच्या पृष्ठभागावरचं तांबं काळाच्या ओघात निघून जातं आणि वर चांदी जास्त उरते. त्यामुळे मशीन आतल्यापेक्षा चांगला कस दाखवू शकतं. आणखी एक, आजीच्या गळ्यातल्या रुपयाच्या हारातलं नाणं असेल तर त्याला डाग देऊन कडी जोडलेली असते. त्याचं वजन आणि घनता दोन्ही बिघडलेली असतात.

बट्टा कोणी भरला?

आता मुद्द्याचं. अंकुशी शंभर रुपये म्हणजे चांदोरी किती? याचं उत्तर रोज, गावागणिक आणि माणसागणिक बदलायचं. नाण्याचा कस, झीज, टांकसाळीचं नाव, बाजारात त्या दिवशी कोणत्या नाण्याला मागणी आहे, हे सगळं बघून सराफ जी कपात करायचा तिचं नाव बट्टा.

इंदापूर परगण्यातला एखादा शेतकरी डोळ्यापुढे आणा. ज्वारी विकली, हातात दोन-तीन प्रकारचे रुपये आले. सरकारचा वसूल मात्र ठरलेल्याच नाण्यात हवा. समजा त्याच्याजवळच्या रुपयांवर चार टक्के बट्टा आहे. शंभर रुपये भरायचे तर त्याला १०४ रुपयांहून थोडे जास्त मोजावे लागणार. पाऊस चांगला झाला, पीक आलं, भावही मिळाला, तरी हे चार रुपये गेलेच. आणि ते गेले त्यात त्याचा काहीही दोष नाही. ते नाणं त्यानं पाडलेलं नव्हतं, त्यात तांबं त्यानं घातलेलं नव्हतं. ज्याला नाणं पारखता येत होतं तो बट्टा घेणार आणि ज्याला येत नव्हतं तो देणार. सावकारी-सराफीतला मोठा नफा व्याजाइतकाच या जाणकारीतही होता.

१८१८ साली पेशवाई बुडाली. कंपनी सरकारनंही लगेच नाणं बदललं नाही. पुण्यात अंकुशी रुपये पुढे काही वर्षं पाडले जात होते. बदल आला १८३५ च्या कायद्यानं. १ सप्टेंबर १८३५ पासून कंपनीच्या सगळ्या मुलखात एकच रुपया, १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम वजन, आणि बारातले अकरा भाग चांदी. एक तोळा म्हणजे हेच वजन. तो मुंबईच्या वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या टांकसाळीत तयार होऊ लागला, सगळे एकसारखे गोल, कडेला बारीक रेघा. रेघा शोभेसाठी नव्हत्या. कोणी कड कातरून चांदी चोरली तर लगेच दिसावं, म्हणून होत्या. रशियातही असंच घडलं होतं. कातरलेल्या आणि खोट्या नाण्यांनी बाजार भरला, तेव्हा १५३५ साली येलेना ग्लिन्स्कायानं सगळी जुनी नाणी बाद करून एकच नाणं आणलं. त्यावरच्या घोडेस्वाराच्या हातात भाला होता, आणि भाल्याच्या रशियन शब्दावरून त्याचं नाव पडलं कोपेक.

आपल्या भागात तर या दोन गोष्टी अगदी हातात हात घालून आल्या. १८३० च्या सुमारास प्रिंगलसाहेबाची सारा आकारणी इंदापूरला लागू झाली. निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारचा वाटा असा त्याचा हिशेब. कागदावर सुंदर, शिवारात जीवघेणा. लोक जमिनी सोडून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट आले, नव्यानं मोजणी केली आणि १८३६ पासून कमी केलेला सारा तीस वर्षांसाठी ठरवून दिला. पुढे मुंबई इलाख्यात गाजलेल्या सर्व्हे पद्धतीची सुरुवात ही आपल्या इंदापूरची. सिव्हिलवाल्यांनी हे लक्षात ठेवावं! एका वर्षाच्या अंतरानं रुपयाचं माप ठरलं आणि जमिनीचंही माप ठरलं. परक्या सरकारनं हे रयतेच्या प्रेमापोटी केलं असं कोणी म्हणणार नाही, त्यांना वसूल वेळेवर हवा होता. पण माप उघड आणि सगळ्यांना सारखं असलं की पारख न येणाऱ्या माणसाची लूट कमी होते, हे त्यातून दिसलं. बी. आय. एस. च्या स्टँडर्डचा कंटाळा येतो तेव्हा मला हा बट्टा आठवतो.

आणि आज?

एक रुपया, एक माप आलं तसे जुने रुपये भट्टीत गेले. जे उरले ते जमिनीत पुरलेल्या मडक्यात, देव्हाऱ्यात किंवा हारात. आणि भट्टी अजून विझलेली नाही. चांदीचा भाव वाढला की जुने रुपये वजनावर मोडीत जातात.

मला वाटतं, आपल्यापैकी अनेकांचा याच्याशी थेट संबंध येणार आहे. उद्या कोणी साईट इंजिनिअर होईल, जुन्या वाड्याच्या जागी पाया खोदला जाईल, कालव्याचं नाहीतर रस्त्याचं काम निघेल. जे. सी. बी. च्या बकेटमध्ये मडकं आलं तर काय करायचं? १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर वाटा जातो आणि वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. कळवलं, चौकशी झाली आणि कोणी मालक निघाला नाही, तर सापडवणाऱ्याला आणि जमीनमालकाला वाटा मिळतो. सरकारनं ऐवज ठेवून घेतला तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद आहे. म्हणजे प्रामाणिकपणात अगदीच नुकसान नाही!

पण खरं कारण कायद्याच्या पलीकडचं आहे. एक सुटा अंकुशी रुपया फारसं काही सांगत नाही. एकाच मडक्यातले दोनशे रुपये मात्र बोलतात. त्यात अंकुशी किती, चांदोरी किती, सर्वांत नवं नाणं कोणत्या सालचं, सराफांच्या खुणा कोणत्या, यावरून त्या गावाचा बाजार कोणाशी चालत होता आणि पैसा कधी व का पुरला असावा, हे कळायला लागतं. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा वरून मारलेला होता. कोणी कोणाला जिंकलं याचा एवढा ठळक पुरावा दुसरा मिळाला नसता. तीच नाणी दहा-दहाच्या गठ्ठ्यानं सोनाराकडे गेली असती तर आपल्याला फक्त थोडी चांदी मिळाली असती.

म्हणून एवढंच सांगणं. घरी गेलात की आजीला विचारा, जुने रुपये आहेत का. असतील तर चिंच, राख, ॲसिड लावून घासू नका. वजन आणि व्यास लिहा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कुठून आलं ते आजीच्या तोंडून ऐकून टिपून ठेवा. अंकुश शोधा, त्रिशूळ शोधा, सराफांच्या सह्या मोजा. आणि कोणी म्हणालं, "झिजलेलं आहे, मोडून टाक," तर त्याला सांगा, त्या रुपयाचा बट्टा आपल्या पणजोबांनी कधीच भरून ठेवलाय. आता ते नाणं पूर्ण किमतीचं आहे.